स्पॅनिशमध्ये पत्ता विचारणे: प्रश्न सोपा, उत्तर अवघड

मैलाचा दगड

स्पेन किंवा लॅटिन अमेरिकेत फिरायला जाणाऱ्यांसाठी हा धागा. पाठ करायच्या वाक्यांच्या याद्या पैशाला पासरी मिळतात, पण त्यांत एक गोची असते. प्रश्न तुम्ही पाठ केलेला असतो, उत्तर समोरच्याने पाठ केलेलं नसतं. तुम्ही झोकात विचारता आणि तो मिनिटभर धबधब्यासारखा बोलतो. म्हणून वाक्यं निवडताना एकच कसोटी लावा: या प्रश्नाचं उत्तर मला समजेल असं येईल का?

आधी उच्चार. इथे आपण इंग्रजाळलेल्या सवयी सोडल्या तर फायद्यात आहोत. स्पॅनिश 'त' आणि 'द' दातांवरचे आहेत, आपल्यासारखेच. 'डोंडे' नाही, 'दोंदे' (कुठे). 'ह' हे अक्षर लिहितात पण उच्चारत नाहीत, म्हणून हॉटेल म्हणजे 'ओतेल'. 'व्ह' आणि 'ब' दोन्ही 'ब'. 'च' नेहमी 'चार'मधला, 'चाक'मधला कधीच नाही. रोमन 'जे' अक्षर दिसलं की घशातून 'ह'.

सुरुवात थेट प्रश्नाने करू नका. 'ओला, ब्वेनास' किंवा 'पेर्दोने' (माफ करा). लॅटिन अमेरिकेत 'दिस्कुल्पे' जास्त ऐकू येतं. अभिवादन न करता 'स्टेशन कुठे?' म्हणणं आपल्याकडे 'ए, स्टेशन कुठंय' म्हटल्यासारखं वाटतं.

मग तीन साचे:

'दोंदे एस्ता…?' म्हणजे अमुक ठिकाण कुठे आहे. ठरावीक, एकमेव जागेसाठी. 'दोंदे एस्ता ला एस्तास्योन?' स्टेशन कुठे आहे?

'आय… पोर आकी?' म्हणजे इथे जवळपास एखादं आहे का. कुठलंही चालेल अशा गोष्टीसाठी. 'आय ऊना फार्मास्या पोर आकी?' जवळ औषधाचं दुकान आहे का?

'बोय ब्येन पारा…?' म्हणजे मी अमक्या ठिकाणी बरोबर चाललोय ना. माझ्या मते तिन्हींत हा सोन्यासारखा. उत्तर 'सी' किंवा 'नो'. 'नो' असेल तर माणूस आपोआप हात करून दाखवतो. अंदाजाने दिशा पकडायची, दोनशे मीटर चालायचं, मग हा प्रश्न. पूर्ण रस्ता एकदम विचारण्यापेक्षा तीनदा हे विचारणं सोपं पडतं.

पहिल्या दोन साच्यांची अदलाबदल ही सर्वांत नेहमीची चूक. 'दोंदे एस्ता उन बांको' (एक बँक कुठे आहे) हे व्याकरणाने खटकतं. 'एक, कुठलंही' म्हटलं की 'आय' लागतं: 'दोंदे आय उन बांको?'

भर घाला, चुका काढा.

शेंगदाणा_लाडू

छान धागा. उत्तरांचा भाग मी घेते, कारण खरा सापळा तिथे आहे.

'देरेचा' म्हणजे उजवीकडे. 'देरेचो' म्हणजे सरळ. शेवटच्या एका स्वरावर माणूस भलत्या गल्लीत जातो. स्पेनमध्ये सरळला बहुतेक 'तोदो रेक्तो' म्हणतात, त्यामुळे तिथे धोका कमी. मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत मात्र सरळ म्हणजे 'देरेचो', आणि तिथे कान टवकारून ऐकावं लागतं. एक आधार आहे: वळायचं असेल तर बहुधा आधी 'आ ला' येतं. 'आ ला देरेचा' म्हणजे उजवीकडे. 'सीगा देरेचो' म्हणजे सरळ जा. शेवटचा स्वर नीट ऐकू आला नाही तरी 'आ ला' ऐकू येतं.

डावीकडे म्हणजे 'आ ला इस्क्येर्दा'. हा शब्द लांबलचक आहे म्हणून उजव्याशी गोंधळ होत नाही. (लॅटिन घराण्यातलाही नाही, बास्क भाषेशी नातं सांगणारा आहे. हे विषयांतर.)

वळा या क्रियापदाचे मात्र देशागणिक अवतार. स्पेनमध्ये 'हीरे' किंवा 'त्वेर्सा', मेक्सिकोत 'दे ब्वेल्ता', अर्जेंटिनात 'दोब्ले', कोलंबिया-पेरूत 'बोल्तेए'. सगळे पाठ करत बसू नका. क्रियापद निसटलं तरी त्यामागून येणारं 'देरेचा/इस्क्येर्दा' पकडलं की काम झालं.

आणि स्पेनमध्ये कोणी 'तीरा तोदो रेक्तो' म्हणालं तर शब्दकोशात 'तीरार' म्हणजे फेकणे बघून घाबरू नका. बोलीत त्याचा अर्थ 'सरळ सुटा'. दारावर 'तीरे' लिहिलेलं असेल तर मात्र 'ओढा'. ढकलायचं असेल तिथे 'एम्पूहे'.

कोपऱ्यावरचा

उत्तरांतले आणखी काही, जे शब्दशः घेतले तर फसवतात:

'नो त्येने पेर्दिदा.' पेर्दिदा म्हणजे नुकसान, हरवणं. इथे अर्थ 'चुकायचं कामच नाही, सापडेलच'. हे बहुधा तीन वळणं सांगून झाल्यावर म्हणतात, तो भाग वेगळा.

'नादा मास पासार एल सेमाफोरो.' 'नादा' म्हणजे काही नाही, 'मास' म्हणजे अधिक, पण मिळून 'सिग्नल ओलांडल्या ओलांडल्या लगेच'.

'आ ला ब्वेल्ता.' कोपरा वळलं की लगेच.

'अल फिनाल दे ला काये.' रस्त्याच्या टोकाला.

'ला सेगूंदा आ ला देरेचा.' उजवीकडची दुसरी (गल्ली). काये हा शब्द स्त्रीलिंगी, म्हणून प्रिमेरा, सेगूंदा, तेर्सेरा. इथे हमखास वाद होतो की आत्ता ज्या गल्लीच्या तोंडाशी उभे आहोत ती धरायची की नाही. दोनच शब्द विचारा: 'कोंतांदो एस्ता?' हिला धरून? आणि बोट दाखवा.

चकवा

सगळं ठीक, पण हातात फोन असताना हे कशासाठी? नकाशा उघडा, निळा ठिपका, संपलं.

मैलाचा दगड

चकवा, नाव सार्थ केलंत :) तोलेदोची जुनी पेठ, सेव्हिलचं सांता क्रूस, ग्रानादाचं आल्बाइसिन इथे गल्ल्या इतक्या अरुंद की निळा ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो. आल्बाइसिनमध्ये शेजारची गल्ली म्हणजे पंधरा पायऱ्या खाली. शिवाय मेट्रोच्या स्टेशनात जमिनीखाली कोणत्या दाराने बाहेर पडायचं, हे तिथल्या माणसाला जास्त ठाऊक असतं: 'के सालीदा पारा…?' (अमक्यासाठी कोणता एक्झिट?). संग्रहालयाचं आजचं दार पुढचं की मागचं, हेही नकाशा नेहमी सांगत नाही. 'पोर दोंदे से एंत्रा?' म्हणजे आत कुठून जायचं.

आणि नकाशा हाताशी असला तर त्याचाच वापर करा: 'मे लो सेन्याला एन एल मापा?' नकाशावर बोट ठेवून दाखवता का? भाषेचा अर्धा प्रश्न मिटतो.

दर्यावर्दी

गोव्याच्या बाजूची मंडळी जुन्या पिढीकडून थोडी पोर्तुगीज उचलून असतात, त्यांच्यासाठी खास इशारा. पोर्तुगीजमध्ये 'एं फ्रेंत' म्हणजे सरळ पुढे. स्पॅनिशमध्ये 'एन्फ्रेंते' म्हणजे समोर, रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला. 'एस्ता एन्फ्रेंते' ऐकून सरळ चालत सुटलात तर ठिकाण मागे राहील; नुसता रस्ता ओलांडायचा होता. उलट उजवं-डावं जवळपास सारखं आहे, तिथे पोर्तुगीज उपयोगी पडते. रस्त्याला पोर्तुगीजमध्ये 'रुआ', स्पॅनिशमध्ये 'काये'. मात्र स्पेनच्या गालिसिया प्रांतात पाट्यांवर 'रूआ'च दिसेल, कारण तिथली गालिसियन भाषा पोर्तुगीजची सख्खी बहीण.

ह्याच कुळातले इतर शब्द: 'आल लादो दे' (च्या शेजारी), 'देत्रास दे' (च्या मागे), 'देलांते दे' (च्या पुढ्यात), 'एंत्रे' (मध्ये, दोहोंच्या), 'एन ला एस्कीना' (कोपऱ्यावर). 'देलांते' आणि 'एन्फ्रेंते' यांतही फरक आहे. चर्चच्या पुढ्यात, त्याच बाजूला असेल तर देलांते. चर्चकडे तोंड करून रस्त्यापलीकडे असेल तर एन्फ्रेंते.

अनवाणी

माद्रिद, बार्सेलोना, सेव्हिल असा बेत आहे, एकूण बारा दिवस. शहरांप्रमाणे काही वेगळं लक्षात ठेवायचं का? आणि सोबतची मंडळी नंतर मेक्सिको सिटीला जाणार आहेत, तिथलंही सांगा.

शेंगदाणा_लाडू

अनवाणी,

माद्रिद: नुसतं 'एस्तास्योन' म्हणू नका. मोठी रेल्वे स्टेशनं दोन, आतोचा आणि चामार्तिन, शहराच्या विरुद्ध अंगांना. तिकिटावर कोणतं ते बघून नाव घेऊन विचारा. दुसरं, माद्रिदमध्ये घरांचे क्रमांक साधारणपणे रस्त्याच्या पुएर्ता देल सोलकडच्या (शहराच्या मध्यावरचा चौक) टोकापासून सुरू होतात. म्हणजे क्रमांक वाढत चालले तर तुम्ही मध्यापासून दूर जाताय. कोणाला न विचारता दिशा कळते.

मेट्रोत दिशा शेवटच्या स्टेशनाच्या नावाने सांगतात. 'लीनेआ ऊना' (लाइन १) पुरेसं नाही, कोणत्या टोकाकडे ते हवं. फलाट म्हणजे 'आंदेन', गाडी बदलणं म्हणजे 'त्रान्सबोर्दो'. 'एस्ते त्रेन पारा एन सोल?' ही गाडी सोलला थांबते का? इथलं 'पारा' म्हणजे थांबते, आणि 'बोय ब्येन पारा'मधलं 'पारा' म्हणजे च्याकडे. ऐकायला एकच.

सेव्हिल: बस स्थानकं दोन, प्लासा दे आर्मास आणि प्रादो दे सान सेबास्त्यान. 'बस स्टँड कुठे' विचारलं की उलट प्रश्न येणार, 'कुआल?' (कोणतं?). आंदालुसियात (सेव्हिलचा प्रांत) शब्दाच्या शेवटचा 'स' गिळतात. 'दोस मिनूतोस' (दोन मिनिटं) हे 'दो मिनूतो'सारखं ऐकू येतं. 'मास देस्पास्यो, पोर फाबोर' (जरा हळू बोला) इथे सर्वांत जास्त लागेल.

कोपऱ्यावरचा

शें.ला., 'लीनेआ ऊनो' हो. लाइनचा क्रमांक सांगताना नुसता अंक येतो, लिंग बदलत नाही. ऊनो, दोस, त्रेस.

बार्सेलोना मी घेतो. पाट्या कातालानमध्ये: 'काये'ऐवजी 'कार्रेर', 'सालीदा'ऐवजी 'सोर्तीदा', उजवं 'द्रेता', डावं 'एस्केर्रा'. स्पॅनिशमध्ये विचारलं तर उत्तर स्पॅनिशमध्येच मिळतं, पाटी वाचताना गोंधळू नये म्हणून हे ठाऊक हवं. शहराचा आइशांप्ले भाग चौकटीच्या कागदासारखा आखलेला आहे, पण सगळे चौक सारखेच दिसतात, त्यामुळे उजवं-डावं बोलून भागत नाही. लोक 'लादो मार' (समुद्राकडची बाजू) आणि 'लादो मोंतान्या' (डोंगराकडची बाजू) असं सांगतात. समुद्र दिसत नसला तरी उतार समुद्राकडे जातो. पाय सांगतात. आपल्याकडे किनाऱ्यावरच्या गावांत खालची आळी-वरची आळी असते, तसंच काहीसं.

'थ'बद्दल राहिलं. स्पेनच्या बहुतेक भागांत 'प्लासा' हे 'प्लाथा'सारखं, 'इस्क्येर्दा' हे 'इथ्क्येर्दा'सारखं ऐकू येतं, जीभ दातांत धरून. तुम्ही 'स' म्हटलात तरी कोणाचं अडत नाही, अख्खा लॅटिन अमेरिका तसंच म्हणतो. ऐकताना मात्र ओळखता आलं पाहिजे.

जिप्सी_०७

मेक्सिको सिटी: रस्त्याचं नाव पुरत नाही. एकाच नावाचे रस्ते अनेक वस्त्यांमध्ये आहेत, म्हणून 'कोलोन्या' (वस्ती, पेठ) सांगावीच लागते. 'के कोलोन्या?' हा पहिला उलट प्रश्न असेल. पत्ता लिहून घेताना 'एंत्रे के कायेस?' विचारा, कोणत्या दोन रस्त्यांच्या मध्ये. तिथली मेट्रो १९६९ पासून आहे आणि प्रत्येक स्टेशनाला स्वतःचं चित्र आहे, नाव वाचता आलं नाही तरी चित्र ओळखून उतरता येतं. बस म्हणजे 'काम्योन'. बाकीच्या स्पॅनिश जगात ह्याचा अर्थ ट्रक!

आणि सर्वांत महत्त्वाचं. स्पेनमध्ये बस 'पकडणे' म्हणजे 'कोहेर'. मेक्सिकोत आणि अर्जेंटिनात हा शब्द अश्लील आहे. 'बस कुठे पकडू' विचारताना लोक खो खो हसतील. 'तोमार' वापरा, तो सगळीकडे चालतो: 'दोंदे तोमो एल आउतोबूस पारा…?' एकच शब्द पाठ करायचा तर हाच करा.

अंतर विचारताना: स्पेनमध्ये 'एस्ता लेहोस?' (लांब आहे का?), 'से प्वेदे ईर आंदांदो?' (चालत जाता येईल का?). लॅटिन अमेरिकेत 'आंदांदो'ऐवजी 'कामिनांदो'. तिथे अंतर 'क्वाद्रा'त मोजतात, दोन चौकांमधला टप्पा. 'क्वांतास क्वाद्रास सोन?' किती क्वाद्रा? स्पेनमध्ये क्वाद्रा म्हणजे तबेला, तिथे 'मान्सानास' म्हणतात, ज्याचा दुसरा अर्थ सफरचंदं. तीन सफरचंदं सरळ जा.

मेक्सिकोत 'आकी नोमास' (हे काय, इथेच) ऐकलं तर पाण्याची बाटली भरून घ्या. आपल्याकडच्या 'हे काय पुढंच'चा जुळा भाऊ.

चकवा

मान्य, शस्त्रं खाली ठेवली. अर्जेंटिना आणि कोलंबियाचं कोणी सांगेल का?

जिप्सी_०७

बुएनोस आइरेस: 'काये' तिथे 'काशे', 'येगो' (पोहोचतो) तिथे 'शेगो'. क्वाद्रा साधारण १०० मीटरची आणि प्रत्येक क्वाद्राला १०० क्रमांक. कोणी 'कोर्येंतेस आल मील किन्येंतोस' म्हणालं तर कोर्येंतेस रस्त्याचा १५०० चा टप्पा, म्हणजे सुरुवातीपासून सुमारे १५ क्वाद्रा. रिबादाब्या हा मोठा रस्ता ओलांडला की मध्यभागातल्या आडव्या रस्त्यांची नावंच बदलतात. फ्लोरिदा पलीकडे पेरू होतो. म्हणून 'हा रस्ता सरळ जातो का' विचारू नका, रस्ता सरळच असतो, नाव हरवलेलं असतं.

आज्ञार्थही वेगळा: 'सीगा' (आपण जा) ऐवजी मित्रत्वाने 'सेगी', 'दोब्ले' ऐवजी 'दोब्ला'. तू-तुम्हीचा प्रश्न आला की तुम्ही 'उस्तेद' (आदरार्थी 'आपण') धरा, कोणी रागावत नाही.

कोलंबियाची पत्तापद्धत मला जगात सर्वांत आवडते. 'काये' आणि 'काररेरा' एकमेकांना काटकोनात, दोन्हींना आकडे. पत्ता 'काये २६, १३-१९' असेल तर: २६ नंबरच्या कायेवर, १३ नंबरच्या काररेराच्या चौकापासून साधारण १९ मीटर. दार पावलांनी मोजून सापडतं. बोगोतात डोंगर पूर्वेला. डोंगराकडे पाठ करून चाललात तर काररेराचे आकडे वाढतात.

दर्यावर्दी

याच्या अगदी उलट टोक म्हणजे कोस्ता रिका आणि निकाराग्वा. सान होसेत 'दोस्येंतोस मेत्रोस आल नोर्ते दे ला इग्लेस्या' म्हणजे चर्चपासून २०० मीटर उत्तरेला. पण १०० मीटर म्हणजे एक चौक, फुटपट्टीने मोजायचं नाही. ५० मीटर म्हणजे अर्धा. खुणेची वस्तू आता अस्तित्वात असलीच पाहिजे असंही नाही. सान पेद्रो भागात 'आंतिग्वो इगेरोन', म्हणजे जुनं उंबराच्या जातीचं झाड, ही खूण चालते. झाड कधीच गेलं.

निकाराग्वातल्या मानाग्वात १९७२ च्या भूकंपाने शहराचा मधला भाग जमीनदोस्त झाला, पत्ते मात्र तसेच राहिले: 'दे दोंदे फ्वे…' (जिथे अमुक होतं तिथून). दिशासुद्धा निराळ्या: उत्तर म्हणजे 'आल लागो' (तळ्याकडे), पूर्व 'आर्रीबा' (वर, सूर्य उगवतो तिकडे), पश्चिम 'आबाहो' (खाली). 'दोस क्वाद्रास आर्रीबा' ऐकून चढ शोधू नका, पूर्वेला वळा. मुंबईकरांना हे नवं नाही. काळा घोडा हा पुतळा १९६५ साली हलवला, तरी पत्ता काळा घोडाच राहिला.

अनवाणी

भन्नाट. एक शंका: 'आय', 'आई' असे दोन शब्द ऐकू येतात. एकच का?

कोपऱ्यावरचा

दोन वेगळे. 'आय' म्हणजे आहे/आहेत. 'आ-ई', जोर 'ई'वर, म्हणजे तिथे, नजरेच्या टप्प्यात. 'आकी' इथे, 'आई' तिथे, 'आयी' (जोर 'यी'वर) पलीकडे, लांब. 'आई आय ऊना' म्हणजे तिथे एक आहे. मराठी कानाला गंमत वाटणारच.

तशीच आकड्यांची काळजी. 'दोस' दोन, 'दोसे' बारा. 'त्रेस' तीन, 'त्रेसे' तेरा. 'सेसेंता' साठ, 'सेतेंता' सत्तर. बसच्या क्रमांकात ही चूक झाली की शहराचं दुसरं टोक. बोटं दाखवून किंवा लिहून खात्री करा.

शेंगदाणा_लाडू

अनवाणी, स्वच्छतागृह राहिलं. स्पेनमध्ये 'दोंदे एस्तान लोस सेर्बिस्योस?' (अनेकवचन, म्हणून एस्तान). लॅटिन अमेरिकेत 'एल बान्यो'. दारावर 'एम' असेल तर ते 'मुहेरेस', म्हणजे स्त्रिया. पुरुषांचं अक्षर 'एच', ओंब्रेस. इंग्रजीच्या सवयीने 'एम' बघून पुरुष आत शिरतात आणि पळत बाहेर येतात.

आणि हरवलात तर पुरुषांनी 'एस्तोय पेर्दिदो', बायकांनी 'एस्तोय पेर्दिदा'.

मैलाचा दगड

व्यनितून (खासगी निरोपातून) विचारणा आली म्हणून इथेच देतो: स्पेनमधली सांत्यागोची पदयात्रा, म्हणजेच 'कामिनो'. सार्र्या गावापासून शेवटचे शंभराहून थोडे जास्त किलोमीटर चालणारे बरेच असतात, कारण प्रमाणपत्रासाठी पायी किमान १०० किमी लागतात. तिथे शब्द कमी लागतात, पिवळा बाण पुरतो. 'फ्लेचा आमारिया' हेच त्याचं नाव. वाटेवरच्या शिंपल्याच्या चिन्हाचं तोंड प्रांतागणिक उलटसुलट असतं, त्यावरून दिशा ठरवू नका, बाण बघा. बाण बराच वेळ दिसला नाही तर गावातल्या कोणालाही 'बोय ब्येन पारा एल कामिनो?' बहुतेक वेळा तो वाक्य संपायच्या आतच मागे बोट दाखवतो.